मताची अट आणि रविवारची उपासना : युनिटेरियन मंडळ्यांचा इतिहास

युनिटेरियन हा सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मसुधारणेतून निघालेला आणि ईश्वराच्या एकत्वावर भर देणारा पंथ असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांत एकच ईश्वर मानणारा ‘त्रैक्या’चा सिद्धांत त्याने नाकारला, अशी त्याची ओळख धर्मेतिहासाच्या ग्रंथांत सामान्यतः दिलेली असते. ही ओळख खरी असली, तरी इंग्लंड-अमेरिकेतील आजच्या युनिटेरियन उपासनालयात रविवारी सकाळी जमणाऱ्या समुदायाला ती पुरतेपणी लागू पडत नाही. कारण त्या समुदायात स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे, बौद्ध ध्यानपद्धती आचरणारे, ईश्वराविषयी मनाचा निर्णय न झालेले आणि ईश्वर मुळीच न मानणारे असे सर्व प्रकारचे स्त्री-पुरुष शेजारी शेजारी बसलेले असतात व त्यांपैकी कोणालाही आपले मत बदलून येण्यास सांगितले जात नाही. एका सिद्धांताच्या इन्कारातून जन्मलेला, म्हणजे आपल्या परीने मताविषयी आग्रहीच असलेला पंथ सर्व धर्मजिज्ञासूंना दार मोकळे ठेवणारा कसा झाला, हा त्याच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोर विचारवंतांच्या उद्गारांत जितके सापडते त्याहून अधिक ते उपासनेच्या साध्या व्यवस्थेत सापडते: प्रार्थनेच्या पुस्तकात काय छापले होते, बसण्याचे बाक कोणाच्या मालकीचे होते आणि सभासद होताना माणूस कशाखाली सही करीत होता, या तीन गोष्टींत झालेले बदल पाहिले म्हणजे हा प्रवास बराचसा उलगडतो.

या पंथाची पूर्वपीठिका रक्तरंजित आहे. त्रैक्याच्या सिद्धांतातील चुका दाखविणारा ग्रंथ 1531 मध्ये प्रसिद्ध करणारा स्पॅनिश वैद्य मिखाएल सर्व्हेटस याला 1553 च्या ऑक्टोबरात जिनिव्हा येथे जिवंत जाळण्यात आले, आणि हे कृत्य रोमच्या धर्मपीठाने नव्हे तर कॅल्व्हिनच्या प्रभावाखालील प्रॉटेस्टंट नगराने केले. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, आज रुमानियात असलेल्या पण तेव्हा वेगळे राज्य असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियात, राजा जॉन सिगिस्मंडच्या कारकिर्दीत टोर्डा येथे भरलेल्या प्रतिनिधिसभेने 1568 मध्ये असा ठराव केला की, उपदेशकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे शुभवर्तमान सांगावे, मंडळीला जो उपदेशक पसंत असेल तो तिने ठेवावा आणि धर्ममतासाठी कोणाला छळू नये. येथे मंडळी म्हणजे एका ठिकाणी नियमाने उपासनेसाठी जमणारा आणि आपला कारभार पाहणारा उपासकसमाज, असा अर्थ अभिप्रेत आहे. या ठरावामागील प्रमुख प्रेरणा क्लुज नगरातील उपदेशक फेरेंत्स डेव्हिड याची होती व त्याच्या अनुयायांच्या मंडळ्या हाच जगातील सर्वांत जुना, आजतागायत अखंड चालू असलेला युनिटेरियन समाज होय.

तथापि या सहिष्णुतेला मर्यादा होत्या. राज्याची मान्यता चार ख्रिस्ती पंथांपुरतीच राहिली. बहुसंख्य रुमानियन शेतकऱ्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथाला तो दर्जा मिळाला नाही, आणि जॉन सिगिस्मंडच्या निधनानंतर धर्मात कोणतीही ‘नवी गोष्ट’ आणण्यास मनाई करणारा कायदा झाला. डेव्हिडवर याच कायद्याखाली खटला भरला गेला आणि 1579 मध्ये डेव्हा येथील किल्ल्यात बंदिवासातच त्याचा अंत झाला. त्याच्यावरील आरोप नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो केवळ तत्त्वज्ञानाविषयी नसून उपासनेविषयी होता: येशू हा ईश्वर नसेल तर त्याला उद्देशून प्रार्थनाही करू नये, असे डेव्हिड सांगू लागला होता. प्रार्थना कोणाला उद्देशून करावी हा प्रश्न अशा रीतीने या पंथाच्या पहिल्या पिढीतच प्राणांतिक ठरला, आणि पुढील दोन शतके याच प्रश्नाभोवती त्याची उपासना घडत गेली. ट्रान्सिल्व्हेनियातील मंडळ्या मात्र आपल्या जुन्या वळणावर टिकून राहिल्या; तेथे उपदेशाला मध्यवर्ती स्थान आहे, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून चार वेळा होतो आणि ईश्वर एक आहे हे वचन उपासनालयांवर हंगेरियन भाषेत लिहिलेले आढळते.

इंग्लंडमधील परिस्थिती निराळी होती, कारण तेथे प्रार्थनेचे पुस्तकच कायद्याने बांधलेले होते. 1662 च्या एकरूपता कायद्याने राज्यमान्य चर्चमधील प्रत्येक धर्मगुरूवर ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ या प्रार्थनापुस्तकातील सर्व मजकूर मनापासून मान्य असल्याचे जाहीर करण्याची सक्ती केली, आणि ती न मानणारे सुमारे दोन हजार धर्मगुरू चर्चमधून बाहेर पडले किंवा घालविले गेले. 1689 च्या सहिष्णुता कायद्याने या बाहेर पडलेल्यांना स्वतंत्र उपासनालये चालविण्याची मोकळीक दिली, पण त्रैक्य नाकारणाऱ्यांना तीतून वगळले. पुढे 1772 मध्ये चर्चमधीलच काही उदारमतवादी धर्मगुरूंनी चर्चच्या एकोणचाळीस मतकलमांखाली सही करण्याच्या सक्तीतून सूट मिळावी म्हणून पार्लमेंटकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला, आणि त्यातील एक अग्रणी, यॉर्कशायरमधील कॅटरिक गावचा धर्मगुरू थिओफिलस लिंडसे, याने पुढल्याच वर्षी आपल्या पदाचा व त्याबरोबर निश्चित उत्पन्नाचा त्याग केला.

लिंडसेने 17 एप्रिल 1774 रोजी, रविवारी, लंडनच्या एसेक्स स्ट्रीटवरील एका लिलावाच्या दालनात उपासना चालविली आणि इंग्लंडमध्ये उघडपणे युनिटेरियन म्हणविणाऱ्या टिकाऊ मंडळीचा प्रारंभ त्या दिवसापासून धरला जातो. सुमारे दोनशे माणसे जमली होती व त्यांत बेंजामिन फ्रँकलिन आणि शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली हेही होते. या उपासनेचे वैशिष्ट्य असे की, लिंडसेने जुने पुस्तक टाकून दिले नाही. धर्मपंडित सॅम्युएल क्लार्क याने पूर्वी सुचविलेल्या दुरुस्त्यांच्या आधारे त्याने तेच पुस्तक शुद्ध करून घेतले. त्रैक्य न मानणाऱ्यास शाश्वत शिक्षेचे भय घालणारे अथानेशियसच्या नावाचे मतपत्रक त्याने गाळले आणि सर्व प्रार्थना एकट्या पित्याला उद्देशून राहतील अशी शब्दरचना केली. बाकीचा साचा, म्हणजे ठराविक क्रमाने प्रार्थना, शास्त्रपाठ आणि उपदेश, बहुतांशी जुनाच राहिला. ज्याच्या कानांवर लहानपणापासून ती वाक्ये पडलेली होती त्या लंडनकराला त्या दालनात परके वाटण्याचे कारण नव्हते, पण जी वाक्ये त्याला मनाविरुद्ध उच्चारावी लागत होती ती तेथून गेलेली होती. हे स्वागत उदार असले, तरी ते एका मताच्या लोकांचे होते; तेथे येणारा माणूस एकेश्वरवादी ख्रिस्ती असणार हे गृहीतच होते.

त्या काळी एवढ्या बदलाचीही किंमत मोजावी लागे. 1791 च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅमच्या दंगेखोर जमावाने प्रीस्टलीचे घर, ग्रंथ व प्रयोगशाळा यांचा विध्वंस केला आणि शहरातील त्याच्या पंथाची उपासनालये जाळली. तीन वर्षांनी तो अमेरिकेत कायमचा निघून गेला. त्रैक्य नाकारणे हा गुन्हा न राहण्यासाठी 1813 साल उजाडावे लागले. त्यानंतर वाद निघाला तो मालमत्तेचा. सतराव्या-अठराव्या शतकांत राज्यमान्य चर्चबाहेरील प्रेस्बिटेरियन पंथाने बांधलेल्या अनेक उपासनालयांच्या न्यासपत्रांत, म्हणजे मिळकत कोणत्या हेतूने विश्वस्तांकडे सोपविली हे नमूद करणाऱ्या दस्तऐवजांत, ‘ईश्वराच्या उपासनेसाठी’ एवढाच मोघम हेतू लिहिलेला होता आणि तेथील मंडळ्या पिढ्यांमागून पिढ्या हळूहळू युनिटेरियन झाल्या होत्या. मूळ दात्यांचे मत निराळे होते, या मुद्द्यावर त्रैक्य मानणाऱ्या प्रतिपक्षाने लेडी ह्यूली हिच्या धर्मादाय निधीबाबतचा खटला 1842 मध्ये अंतिमतः जिंकला, तेव्हा ही सर्व उपासनालये हातची जाण्याचा प्रसंग आला; तो 1844 च्या कायद्याने टळला. न्यासपत्रात विशिष्ट मत नमूद नसेल, तर पंचवीस वर्षांची वहिवाट हाच पुरावा मानावा, असे त्या कायद्याने ठरविले. दस्तऐवजात मत लिहिलेले नसणे ही गोष्ट संस्थेच्या स्वातंत्र्याला किती उपकारक ठरते, याचा धडा युनिटेरियनांना असा न्यायालयातून मिळाला आणि तो ते पुढे विसरले नाहीत.

अमेरिकेत हाच प्रवास बाकांच्या मार्गाने झाला. बॉस्टनचे किंग्ज चॅपल हे मुळात इंग्लंडच्या चर्चचे उपासनालय होते. 1785 मध्ये तेथील मंडळीने जेम्स फ्रीमन या तरुण उपदेशकाच्या प्रेरणेने प्रार्थनापुस्तकातून त्रैक्याचे उल्लेख काढले आणि बिशपने त्याला दीक्षा देण्याचे टाळल्यावर 1787 मध्ये मंडळीनेच ती दिली. त्या उपासनालयात आजही दिसणारे बाक म्हणजे लाकडी भिंतींनी वेढलेले, छोटे दार असलेले चौकोनी कप्पे आहेत. न्यू इंग्लंडमध्ये असे कप्पे कुटुंबांच्या मालकीचे असत, ते विकत घेतले जात, वारसाहक्काने पुढे जात, उपदेशपीठाशी असलेल्या अंतरावर त्यांची किंमत ठरे आणि त्यांच्यावर बसविलेल्या पट्टीतून उपदेशकाचे वेतन व इमारतीची डागडुजी निघे. अशा व्यवस्थेत गावात नव्याने आलेल्या, गरीब किंवा नुसत्या कुतूहलाने डोकावणाऱ्या माणसाला हक्काची जागाच नसे. उपदेश कितीही उदार असला, तरी तो ऐकायला बसायचे कोठे हा प्रश्न राहीच.

1819 मध्ये विल्यम एलरी चॅनिंग याने बाल्टिमोर येथे दिलेल्या उपदेशाने अमेरिकन युनिटेरियनांना आपली स्पष्ट भूमिका मिळाली आणि 1825 च्या मे महिन्यात योगायोगाने एकाच दिवशी बॉस्टन व लंडन येथे त्यांच्या मध्यवर्ती संस्था स्थापन झाल्या. तथापि बाकांचा प्रश्न ऐरणीवर आणला तो जेम्स फ्रीमन क्लार्क याने. 1841 मध्ये बॉस्टन येथे त्याने स्थापन केलेल्या ‘चर्च ऑफ द डिसायपल्स’मध्ये बाक विकले किंवा भाड्याने दिले जात नसत, खर्च ऐच्छिक वर्गणीतून भागविला जाई आणि उपासनेत गायन व प्रार्थना यांत सर्वांनी भाग घ्यावा अशी योजना होती. अमेरिकेतील युनिटेरियन उपासना प्रथमच बाहेरच्या माणसाला सोयीची झाली ती येथे, असे म्हणण्यास हरकत नाही. याच सुमारास उपासनेच्या आशयातही खळबळ चालू होती: राल्फ वाल्डो एमर्सन याने प्रभुभोजनाचा विधी आपल्याकडून चालविला जाणार नाही म्हणून 1832 मध्ये उपदेशकपद सोडले होते, तर थिओडोर पार्कर याने 1841 मध्ये ख्रिस्ती धर्मातील नश्वर काय आणि शाश्वत काय याची चर्चा करून येशूच्या अधिकारावाचूनही धर्मसत्य टिकते असे प्रतिपादन केले. सॅम्युएल लाँगफेलो व सॅम्युएल जॉन्सन यांनी 1864 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गीतसंग्रहात येशूला उद्देशून असलेली गीते जवळजवळ वगळली, याचे मूळ या वादांत आहे.

उरला तो सहीचा प्रश्न. अमेरिकन युनिटेरियनांच्या राष्ट्रीय परिषदेने 1865 मध्ये आपल्या घटनेच्या प्रास्ताविकात येशूचा प्रभू म्हणून उल्लेख केला, तेव्हा तो न मानणाऱ्यांनी 1867 मध्ये मुक्त धर्मसंघ नावाची वेगळी संस्था काढली. पश्चिमेकडील राज्यांतील परिषदेने 1887 मध्ये विल्यम चॅनिंग गॅनेट याने लिहिलेले निवेदन स्वीकारले, पण ते कोणावरही बंधनकारक नाही हे आधीच स्पष्ट केले. आणि 1894 मध्ये साराटोगा येथे दोन्ही बाजूंना मान खाली न घालता राहता येईल असा मजकूर ठरला. या तीस वर्षांच्या भांडणातून जी रीत रूढ झाली तिला करार म्हणता येईल: सभासद होणारा माणूस आपण काय मानतो हे लिहून देत नाही, तर सत्याचा शोध व परस्परांची सेवा यांसाठी एकत्र जमण्याचे कबूल करतो. मतपत्रकात भूतकाळात ठरलेल्या सत्याला होकार असतो आणि करारात पुढील वर्तनाचे वचन असते, हा या दोहोंतील भेद आहे. म्हणूनच करारावर सही करणारे आस्तिक आणि नास्तिक एकाच वहीत नावे लिहू शकतात.

बाहेर राहणाऱ्या जिज्ञासूंपर्यंत पोहोचण्याचे मार्गही याच काळात निघाले. 1881 मध्ये सिनसिनाटी येथील सॅली एलिस या, श्रवणशक्ती क्षीण झालेल्या, बाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मागेल त्याला युनिटेरियन पुस्तिका टपालाने पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. ‘पोस्ट ऑफिस मिशन’ या नावाने तो देशभर व इंग्लंडातही पसरला आणि दूरच्या खेड्यांत एकट्याने विचार करणाऱ्या अनेकांना त्यामुळे पत्राने का होईना पण मंडळी मिळाली.

भारताशी, आणि विशेषतः महाराष्ट्राशी, या पंथाचा संबंध येतो तो उपासनेच्या याच प्रश्नांतून. मद्रास येथे विल्यम रॉबर्ट्स या तमिळ गृहस्थाने 1795 मध्येच युनिटेरियन मंडळी सुरू केली होती, तर मेघालयातील जोवाई येथे हाजोम किसोर सिंग यांनी 1887 मध्ये खासी भाषेतून तशीच उपासना आरंभिली. कलकत्त्यात राममोहन रॉय यांनी 1821 पासून विल्यम ॲडम यांच्यासह युनिटेरियन समितीत काम केले, पण 1828 मध्ये त्यांनी ब्राह्मो सभा काढली आणि परकीय वळणाच्या उपासनेऐवजी देशी ग्रंथांवर आधारलेली उपासना रूढ केली. मुंबईत 31 मार्च 1867 रोजी स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानेही तोच मार्ग धरला: रविवारची सामुदायिक उपासना, प्रार्थना आणि उपदेश हा साचा इंग्रजी उपासनेशी जुळणारा होता, पण त्यात गायिले जाणारे अभंग तुकारामादी संतांचे होते आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे पंडित त्यांच्याच आधारे प्रवचन करीत.

या देवघेवीतील सर्वांत ठळक मराठी नाव विठ्ठल रामजी शिंदे यांचे आहे. अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक जॅबेझ संडरलंड यांनी 1895-96 मध्ये भारताचा दौरा करून, येथील एकेश्वरवादी समाजांतून एखाद्या तरुणाला धर्मशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवावे अशी शिफारस केली होती. त्या योजनेतून शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज युनिटेरियनांनी चालविलेले असले, तरी विद्यार्थ्याला किंवा अध्यापकाला कोणत्याही मतपत्रकाला मान्यता देण्याची सक्ती तेथे नव्हती, आणि म्हणूनच हिंदू घरातील, प्रार्थनासमाजाचा सभासद असलेला विद्यार्थी तेथे धर्मांतर न करता तौलनिक धर्माचा अभ्यास करू शकला. 1903 मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातील उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले, मुंबईत समाजाचे प्रचारक झाले आणि उदार धर्माचे साहित्य टपालाने पाठविण्यासारखे उपक्रम त्यांनी येथेही चालविले. पण उपासनालयाचे दार नुसते उघडे ठेवून भागत नाही, जे तेथवर येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे आपण गेले पाहिजे, ही त्यांची धारणा 1906 मध्ये ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’च्या रूपाने साकार झाली; त्या बाबतीत ते आपल्या इंग्रज गुरूंच्या एक पाऊल पुढेच गेले.

विसाव्या शतकात युनिटेरियन उपासनेपुढे निराळीच अडचण उभी राहिली. मताची अट गेली, तेव्हा मतावर आधारलेले विधीही निःसत्त्व झाले, आणि नुसते व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्या श्रोत्यांना एकत्र बांधील असे काही उरले नाही. ही उणीव नव्या विधींनी भरून काढली. प्राग येथील नॉर्बर्ट चापेक यांनी 1923 मध्ये पुष्पसमारंभ सुरू केला: प्रत्येकाने एक फूल आणावयाचे, सर्व फुले एका पात्रात ठेवावयाची आणि जाताना दुसऱ्याने आणलेले फूल घेऊन जावयाचे. रोमन चर्च सोडून आलेल्या चेक लोकांना प्रभुभोजन नकोसे होते आणि विधीची ओढ मात्र होती, हे ओळखून त्यांनी ही योजना केली. चापेक स्वतः 1942 मध्ये नाझींकडून मारले गेले, पण त्यांचा समारंभ त्यांच्या पत्नी माया यांनी अमेरिकेत नेला. पेटलेल्या ज्योतीचे पात्र हे आजचे पंथचिन्हही त्याच काळातले आहे; निर्वासितांना मदत करणाऱ्या युनिटेरियन सेवासमितीसाठी हान्स डॉइच या चित्रकाराने 1941 मध्ये ते काढले. रविवारच्या उपासनेचा प्रारंभ अशी ज्योत पेटवून करण्याची प्रथा त्यानंतर हळूहळू सर्वत्र पसरली.

1948 पासून अमेरिकेत उपदेशकावाचून, सभासदांनीच चालविलेल्या छोट्या मंडळ्या मोठ्या संख्येने निघाल्या, आणि 1961 मध्ये युनिटेरियन व सर्व जीवांचा उद्धार मानणारे युनिव्हर्सलिस्ट यांचे तेथे एकीकरण झाले. आजच्या उपासनेचा क्रम स्थळपरत्वे बदलत असला, तरी ज्योत पेटविणे, गीते, आपल्या आयुष्यातील सुखदुःख सर्वांपुढे थोडक्यात सांगून मेणबत्ती लावणे, मौन, एखाद्या धर्माच्या ग्रंथातील किंवा आधुनिक साहित्यातील वाचन, प्रवचन, वर्गणी आणि शेवटी कॉफीपान, एवढे भाग बहुतेक ठिकाणी आढळतात. नव्या माणसाची दारातच विचारपूस होते, त्याला गीतपुस्तक दिले जाते व कॉफीच्या वेळी कोणी तरी त्याच्याशी बोलते. मात्र त्याने पुन्हा यावे असा आग्रह धरण्याची रीत नाही. या मोकळेपणाची दुसरी बाजूही आहे: जेथे काहीही मानले तरी चालते तेथे माणसे जितक्या सहज येतात तितक्याच सहज निघूनही जातात, आणि या मंडळ्यांचा आकार त्यांच्या वैचारिक प्रभावाच्या मानाने सतत लहानच राहिला आहे.

सर्व इतिहास ध्यानी घेता, युनिटेरियन रविवारच्या सभेतील आतिथ्य हा या पंथाचा जन्मजात गुण नव्हता असाच निष्कर्ष निघतो. ते प्रार्थनापुस्तकातील खोडलेल्या वाक्यांतून, न्यासपत्रातील मोघम शब्दांतून, विकणे बंद केलेल्या बाकांतून आणि मताऐवजी वर्तनाचे वचन मागणाऱ्या सभासदवहीतून चार शतकांत एकेक करून मिळविले गेले. म्हणून सर्वांचे स्वागत करण्याची इच्छा बाळगणाऱ्या कोणत्याही धर्मसमाजाची परीक्षा त्याच्या जाहीर तत्त्वांवरून करण्यापेक्षा त्याची घटना, त्याची बसण्याची व्यवस्था आणि सभासदत्वाचा अर्ज पाहून करणे अधिक योग्य ठरते.